लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपी: आठवड्यातला एक तास केंद्रात, बाकीचं सगळं घरात

दोन वर्षांचं मूल चमचा धरत नाही. तीन वर्षांचं मूल चड्डी वर ओढत नाही. चार वर्षांचं मूल अंगणवाडीत पाच मिनिटंही एका जागी टिकत नाही आणि घरात मिक्सर लागला की कान दाबून रडतं. अशा तक्रारी घेऊन पालक आमच्याकडे येतात तेव्हा बहुतेकांच्या हातात बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी असते आणि तिच्यावर 'ओ.टी.', म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, एवढीच दोन अक्षरं असतात. पुढं काय, हे विचारायचं राहून गेलेलं असतं. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या अशा आई-वडिलांसाठी, एक ते सहा वयाच्या मुलांपुरतं, हे सविस्तर लिहितोय.

फिजिओथेरपिस्ट मुलाची हालचाल, स्नायू, सांधे, चालणं यावर काम करतात. स्पीच थेरपिस्ट बोलणं, समजणं आणि गिळणं बघतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट मुलाची रोजची कामं बघतो: खाणं, कपडे घालणं, शी-शू, खेळणं, चार मुलांत बसणं. या तिघांचं काम एकमेकांत मिसळतं, त्यामुळं एकाच मुलाला तिघेही लागू शकतात. आपल्या देशात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू झालं ते १९५० साली, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात, कमलाबाई निंबकरांच्या पुढाकारानं. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची. म्हणजे निदान सातारा जिल्ह्याला तरी हा विषय परका असायला नको. तरीही तालुक्याच्या गावात 'थेरपी' म्हटलं की अजून तेल-मालिशच डोळ्यांपुढं येतं.

एक हिशेब आधी मांडतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. थेरपी आठवड्यात एक तास, फार तर दोन तास होते. मूल जागं असतं ते आठवड्यात ऐंशीच्या आसपास तास. थेरपिस्ट कितीही हुशार असला तरी त्याचा एक तास त्या ऐंशी तासांशी झगडून जिंकत नाही. घरात प्रत्येक घास कुणीतरी भरवत असेल, तर केंद्रात चमचा धरायचा सराव कितीही करा, उपयोग थोडाच.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं बघा

वही घ्या. मूल काय करत नाही, यापेक्षा कुठं अडतं ते लिहा. 'जेवत नाही' असं लिहून कळत नाही. 'मऊ भात खातं, भाकरीचा तुकडा तोंडात धरून ठेवतं, दहा मिनिटांनी थुंकतं' असं लिहिलं की थेरपिस्टचं निम्मं काम होतं. झोप किती, मोबाइल किती वेळ, कोणते आवाज नकोसे वाटतात, केस कापताना किंवा नखं काढताना काय होतं, हेही टिपा. दोन-तीन छोटे व्हिडिओ काढा: जेवतानाचा, कपडे घालतानाचा, एकटं खेळतानाचा. अनोळखी खोलीत मूल घरच्यासारखं वागत नाही, म्हणून हे व्हिडिओ फार कामाला येतात.

वयाचा अंदाज म्हणून ढोबळमानानं एवढं ध्यानात ठेवा. वर्षाच्या सुमारास मूल अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत बारीक वस्तू उचलतं. दीड वर्षात दोन-तीन ठोकळे एकावर एक ठेवतं आणि सांडत का होईना, चमचा तोंडापर्यंत नेतं. दोन वर्षांत सहा ठोकळ्यांचा मनोरा होतो आणि पायातले मोजे ओढून काढता येतात. तीन वर्षांत बघून गोल काढतं, कात्रीनं कागदाची कड कातरतं, पाऊल आलटून पालटून जिना चढतं. चौथ्या वर्षी अधिकची खूण आणि मोठी बटणं, पाचव्याच्या आसपास चौकोन आणि मग त्रिकोण. महिना-दोन महिने इकडं तिकडं झालं तर घाबरायचं नाही. मूल दिवसांआधी जन्मलेलं असेल तर दोन वर्षांपर्यंत तेवढे आठवडे वयातून वजा करून बघा.

काही गोष्टींत मात्र वाट बघू नका. आधी येत असलेली गोष्ट बंद पडली, दीड वर्षाच्या आतच मूल एकच हात वापरतंय आणि दुसरा मुठीत धरून ठेवतंय, अंग फार ताठ किंवा फार ढिलं आहे, दीड वर्षाचं झालं तरी बोटानं काही दाखवत नाही किंवा हाक मारल्यावर वळत नाही, सतत चवड्यांवर चालतं, किंवा जेवताना दरवेळी ठसका लागतो: यातलं एकही दिसलं तर आठवड्याची वही राहू द्या, सरळ बालरोगतज्ज्ञांकडं जा. 'त्याचा बापही उशिराच बोलला होता' हे वाक्य आमच्याकडं इतक्या घरांतून ऐकू येतं की त्यापायी मुलांची वर्षं गेलीत.

दुसरी पायरी: कुणाकडं जायचं

आधी बालरोगतज्ज्ञ, आणि त्याच सुमारास कान आणि डोळे तपासून घ्या. हाकेला न वळणाऱ्या मुलाला ऐकूच कमी येत असू शकतं. ते न तपासता थेरपी सुरू करणं चूक.

सरकारी वाट अंगणवाडीतून सुरू होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलांना तपासतं आणि ज्याला गरज आहे त्याला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं, म्हणजे 'डी.ई.आय.सी.'कडं पाठवतं. पथक येण्याची वाट बघत बसू नका. अंगणवाडीच्या ताईंना किंवा आशाताईंना सांगा, त्या पथकाशी गाठ घालून देतात. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही चौकशीची सरळ ठिकाणं. जाण्याआधी फोन करून थेरपिस्ट कोणत्या वारी असतात ते विचारा, नाहीतर जतहून किंवा म्हसवडहून येऊन हात हलवत परत जायची पाळी येते.

खासगी केंद्रात गेलात तर दोन प्रश्न न लाजता विचारा: तुमची पदवी कोणती, आणि नोंदणी क्रमांक काय? आपल्याकडं ही पदवी बी.ओ.टीएच. असते, आजवर इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांची, आणि महाराष्ट्रात काम करायचं तर राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडं नोंदणी लागते. चार दिवसांचं शिबिर करून पाटी लावणारेही आहेत. 'तीन महिन्यांत ऑटिझम घालवतो' असं कुणी म्हणालं तर चहा घेऊन निघा. ऑटिझमसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. त्यासाठी रान विकायला निघालेली माणसं मी पाहिलीत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

तिसरी पायरी: पहिली भेट आणि ध्येय

पहिल्या भेटीत थेरपिस्ट तुमच्याशी बराच वेळ बोलेल आणि मुलाशी खेळेल. तुम्हाला वाटेल, 'नुसतं खेळवलं आणि पैसे घेतले.' त्या खेळात तो पकड, तोल, दोन्ही हातांचा मेळ, नजर आणि लक्ष बघत असतो. जन्माची कागदं, लसीकरणाचं कार्ड, आधीचे रिपोर्ट, तुमची वही आणि मुलाचं नेहमीचं खाणं डब्यात घेऊन जा. मूल झोपेच्या वेळी नेऊ नका.

उठण्याआधी ध्येय ठरवून घ्या, आणि ते असं असू दे की घरातल्या आज्जीलाही जमलं की नाही ते सांगता येईल. 'हाताची ताकद वाढवणे' हे ध्येय तुमच्या उपयोगाचं नाही. 'जूनमध्ये बालवाडी सुरू होईपर्यंत अर्धी वाटी खिचडी स्वतःच्या हातानं खाणं' हे ध्येय. एका वेळी दोन पुरे.

आटपाडी, खटाव, पाटण अशा ठिकाणांहून आठवड्यात दोनदा येणं जमत नाही, हे स्पष्ट सांगा. पंधरा दिवसांतून एकदा येऊन, मधल्या काळात व्हिडिओ पाठवून आणि फोनवर बोलूनही काम चालतं, अट एवढीच की घरचा सराव खरोखर व्हावा. थेरपिस्ट तुम्हाला बाहेर बसवून दार लावून घेत असेल तर आत बसू देण्याची विनंती करा. घरी जाऊन करायचं तुम्हालाच आहे.

चौथी पायरी: जेवण

सगळ्यात जास्त सराव इथंच होतो, कारण दिवसातून तीन-चार वेळा संधी मिळते आणि वेगळा वेळ काढावा लागत नाही.

आधी बसणं. मुलाचे पाय लोंबकळत असतील तर त्याची निम्मी ताकद तोल सावरण्यात जाते आणि हाताला काही उरत नाही. खुर्चीत बसवत असाल तर पायाखाली पाट किंवा डबा द्या. जमिनीवर बसत असेल तर पाठ भिंतीला टेकवा आणि ताट उपड्या पाटावर, छातीच्या खाली येईल इतक्या उंचीवर ठेवा. ताटाखाली ओलं फडकं पसरलं की ताट सरकत नाही. वाटी उभ्या कडेची घ्या. उथळ ताटलीत घास चमच्यापुढं नुसता सरकत राहतो. चमच्याचा दांडा बारीक असेल तर त्यावर सुती कापडाची पट्टी किंवा सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून जाड करा.

सुरुवात चिकटणाऱ्या पदार्थानं करा: घट्ट वरणभात, शिरा, लापशी, मऊ खिचडी. आमटी चमच्यातून पडते, मूल वैतागतं, आई त्याहून वैतागते. मूल भुकेलं असताना पहिले पाच घास त्याचे, बाकीचे तुम्ही भरवा. आठवड्यानं सात. मदत समोरून करू नका, मागं बसून त्याच्या हातावर हात ठेवा. जमायला लागलं की तुमचा हात मनगटावर, मग कोपरावर, मग नुसता पाठीवर.

मुलाला वयानुसार काय यायला हवं हे तपासायच्या परदेशी याद्यांमध्ये चमच्या-काट्याबद्दल बरंच विचारलेलं असतं. आपलं जेवण हाताचं आहे, तेव्हा हातानं खाणं आधी शिकवलं तर बिघडत नाही, उलट मूल चिमटी लवकर वापरायला लागतं. एका हातानं भाकरीचा तुकडा मोडणं ही मात्र चांगली अवघड गोष्ट आहे. ती चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत यायची, तोवर तुकडे करून द्या किंवा दोन हातांनी मोडू द्या.

इथं बहुधा आज्जी मध्ये पडतात. 'अगं, सांडवतंय नुसतं, उपाशी राहील की पोरगं!' त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांनाच काम द्या. 'आज्जी, पहिले पाच घास त्याचे, ते तुम्ही मोजायचे. पुढं तुम्ही भरवा.' मोजायला दिलं की बहुतेक आज्ज्या सुनेपेक्षा कडक निघतात. मोबाइल दाखवून भरवणं बंद करायचं तर एकदम सगळ्या जेवणांना नको. सकाळच्या न्याहारीपासून सुरू करा, दोन-तीन दिवस रडारड होईल हे धरून चला.

ज्या मुलाला ठरावीक चार पदार्थच चालतात, त्याच्या तोंडात नवा घास कोंबू नका. नवा पदार्थ ताटाशेजारी वेगळ्या वाटीत नुसता ठेवा. काही दिवसांनी बोट लावणं, वास घेणं, जिभेला लावून काढून टाकणं. एकेका पायरीला आठवडा लागला तरी चालतं. आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं देऊ नका. तासगावची द्राक्षं लांबट असली तरी घशात अडकतात, उभी चिरून द्या.

पाचवी पायरी: कपडे, शेवटाकडून सुरुवात

चड्डी घालणं शिकवायचं तर चड्डी पायात घालण्यापासून सुरू करू नका. तुम्ही ती कमरेच्या खालपर्यंत आणा, शेवटचा ओढा त्याला घेऊ दे. काम त्याच्या हातून पुरं झालं की त्याला केल्याचा आनंद मिळतो. ते नक्की यायला लागलं की मांडीपासून, मग गुडघ्यापासून, मग घोट्यापासून. सगळ्यात शेवटी पाय घालणं, तेही बुटक्या स्टुलावर बसून. सैल इलॅस्टिकची, एक माप मोठी चड्डी घ्या.

काढणं घालण्याआधी येतं, त्यामुळं मोजे, टोपी, बूट आधी काढायला शिकवा. बटणांसाठी वडिलांचा जुना शर्ट मांडीवर पसरा, मोठं बटण निम्मं काजात घालून ठेवा, उरलेलं त्याला ओढू दे. हा सराव संध्याकाळी करा. सकाळी रिक्षावाले काका हॉर्न वाजवत असताना कुणालाच काही शिकता येत नाही.

सहावी पायरी: हात आणि अंग, घरातल्याच कामांतून

महागडी खेळणी घ्यायची गरज नाही. कणकेचा गोळा दाबणं, त्याचे साप करणं, पोळपाटावर लाटणं. मटार, पावटा, हरभऱ्याचे घाटे सोलणं. भुईमुगाची शेंग फोडणं तर बोटांसाठी उत्तम, पण दाणे लगेच उचलून घ्यायचे. वस्तू तोंडात घालणाऱ्या किंवा तीन वर्षांच्या आतल्या मुलाला दाणे, मणी, चिंचोके देऊ नका, त्याच्यासाठी बटाटे, लिंबं, डब्यांची झाकणं. कपडे वाळत घालायचे चिमटे, लिंबू पिळणं, ओलं फडकं पिळणं ही सगळी पकडीची कामं. बेंदराला मातीचे बैल आणि दिवाळीत किल्ला: आपल्याकडच्या मुलांना हे दोन सण मिळतात, त्याच्या तोडीचं साहित्य कोणत्याही केंद्रात नाही. चिखल घरात येतो म्हणून तयार किल्ला आणणाऱ्यांना मी काय म्हणू!

मूल सतत पळतं, आदळतं, उड्या मारतं, अशा वेळी अंगाला जोर लावणारी कामं द्या. पेलेल एवढीच भरलेली छोटी कळशी उचलून नेणं, गादी गुंडाळणं, पाण्याची रिकामी टाकी ढकलणं, किलोभर ज्वारीची पिशवी आत ठेवणं, हातापायांवर अस्वलासारखं चालणं. बसायचं काम असेल त्याआधी दहा मिनिटं हे केलं तर पुष्कळ मुलं जास्त वेळ टिकतात. सगळीच टिकत नाहीत. वहीत नोंद ठेवा आणि फरक नसेल तर दुसरं बघा.

नागपंचमीच्या झोक्यासारखा पुढं-मागं हळू झोका बहुतेक मुलांना शांत करतो, गरगर फिरवणं उधळवतं. मुलाला फिट्स येत असतील तर झोका, गिरकी हे डॉक्टरांना विचारूनच. डाउन सिंड्रोम असेल तर डॉक्टर मान तपासून हो म्हणेपर्यंत कोलांटउड्या आणि डोकं खाली करणारे खेळ नकोत.

आवाज, स्पर्श, उजेड यांचा त्रास होणाऱ्या मुलांचा विचार ए. जीन आयर्स या अमेरिकन थेरपिस्टनी १९७० च्या दशकात 'सेन्सरी इंटिग्रेशन' या नावानं मांडला आणि आज त्या नावाखाली बरंच काही विकलं जातं. वजनाचं जाकीट, खास ब्रश यांच्यामागं भक्कम पुरावा नाही, पैसे घालू नका. पुरावा आहे तो ध्येय ठरवून खऱ्या कामाचा सराव करण्यामागं आणि आई-वडिलांना शिकवण्यामागं. मिक्सरची भीती असेल तर आधी सांगा, 'आता मिक्सर लावते, दहापर्यंत मोजू', मग कधीतरी बटण त्यालाच दाबू द्या. गणपतीच्या मिरवणुकीतला डीजे मात्र सवय करण्याची गोष्ट नाही, तिथून मुलाला लांबच न्या. जत्रेला पहाटे जाऊन या. न्हाव्याकडं गर्दी नसताना आधी नुसतं बसून या, केस पुढच्या खेपेला.

लिहिणं

साडेतीन वर्षांच्या मुलाला रेघांच्या वहीत 'अ' काढायला लावणाऱ्या शाळा आपल्याकडं कमी नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: गोल आणि अधिकची खूण बघून काढता येत नाही तोवर अक्षर नको. तोपर्यंत भिंतीवर ओल्या ब्रशनं पाणी फासणं, उभ्या पाटीवर खडू. खडू बोटाच्या पेराएवढा तोडून द्या, लहान तुकडा मुठीत धरताच येत नाही, आपोआप बोटांत येतो. डावा हात वापरत असेल तर वापरू द्या. बाईंना हे सांगताना तक्रारीच्या सुरात नको, थेरपिस्टची चार ओळींची चिठ्ठी जास्त काम करते. त्यात मूल कुठं बसवावं आणि दहा मिनिटांनी त्याला डस्टर आणायला उठवावं, एवढं असलं तरी पुरे.

कागदपत्रं

निदान ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमतेचं झालं असेल तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यू.डी.आय.डी. कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. वरच्या तिन्ही निदानांसाठी आणि बहुविकलांगतेसाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्यविमा योजना आहे आणि तिच्यात थेरपीचा खर्चही बसतो. एसटीची सवलतही मिळते, लांबून येणाऱ्यांना तिचा चांगलाच उपयोग. 'शिक्का बसेल' म्हणून कार्ड न काढणारे पालक भेटतात. कार्ड तुमच्या कपाटात असतं, गरज पडेल तिथंच दाखवायचं.

तीन महिन्यांनी

पहिल्या दिवशीचा व्हिडिओ आणि आजचा शेजारी शेजारी बघा. ध्येय गाठलं असेल तर नवं ठरवा, किंवा थेरपी थोडे दिवस थांबवा, थांबवण्यात गैर नाही. काहीच हललं नसेल तर थेरपिस्टला विचारा की ध्येय फार मोठं होतं का, घरचा सराव किती दिवस झाला, निदान पुन्हा बघायला हवं का. या प्रश्नांवर चिडणारा थेरपिस्ट बदला.

मे महिन्यात मूल मामाकडं जातं आणि दीड महिन्यात सगळं पूर्ववत होतं, असं नेहमी घडतं. त्यावर उपाय म्हणून बॅगेत एक कागद टाका, तीनच ओळींचा: पहिले दहा घास तो स्वतः खाईल. चड्डी तुम्ही गुडघ्यापर्यंत आणा, पुढं तो ओढेल. जेवताना मोबाइल नाही. मामींना तो कागद फ्रिजवर लावायला सांगा आणि आठवड्यातून एकदा फोन करून घास किती झाले ते विचारा.